सातवा चिमटा

शोमोलूच्या गल्लीत रात्री दहाला वीज गेली
आणि जनरेटर खोकत सुरू होईपर्यंतच्या काळोखात
मुफुताऊ म्हणाला, कोणी हलू नका,
ताव अजून दातांत आहे.

मशीन जर्मन. वय कुणालाच ठाऊक नाही.
तीन मालक, एक बंदर, गुडघाभर पुराचं पाणी
एवढं बघून लागोसच्या या पत्र्याखाली आलेली.
नावाची पितळी पाटी कुणीतरी केव्हाच विकून खाल्ली,
चिमटे मात्र अकराच्या अकरा मूळचे.
सिलिंडरच्या खाचेत ओळीनं बसलेले,
एगुसीच्या बिया सोलणाऱ्या बायकांसारखे,
सगळ्यांच्या माना एकदम खाली,
एकदम वर.

छापायची होती अंत्यविधीची पत्रिका.
श्रीमती अबिओना ओगुनसान्या, वय एक्याऐंशी.
अबिओना म्हणजे वाटेत जन्मलेली.
दफन शनिवारी, आणि आज गुरुवार संपत आलेला.
मुलगा बाकावर, हातात माल्टाची बाटली, न उघडलेली.
दर तिसऱ्या तावावर आईच्या चेहऱ्याला
आणखी एक कड फुटत होती,
गालाबाहेर गाल, ओठाबाहेर ओठ.
तो उठून जवळ आला, बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, शेवटची तीन वर्षं ती अशीच थरथरायची.
पण फोटोत नको.

मुफुताऊनं मशीन हातानं फिरवली.
सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद फाडून
बोटभर पट्टी केली आणि माझ्या हातात दिली.
सिकिरात, तू ओढ. माझी बोटं आता बहिरी झालीत.
पहिल्या चिमट्याखाली पट्टी. ओढली. नाही आली.
दुसरा, तिसरा, तेच. चौथा जरा हट्टी.
सातव्याखालून ती अशी निघाली
जशी बोळक्यातून भाकरी.
तिथं डिंक होता, कागदाची धूळ, वाळलेली पावडर,
किती मालकांची कुणास ठाऊक.
ब्लेडनं खरवडलं. स्क्रू एक-अष्टमांश फिरवला.
मी आणखी फिरवायला गेले तर मनगटावर चापट.
आवळशील तर ताव मधे फुगेल, कोपरे पसरतील,
मग बसशील रडत.

खरी गोम पुढं आहे, तो म्हणाला.
सिलिंडरचे चिमटे ताव देतात, साखळीचे घेतात.
देणाऱ्यानं लवकर सोडला तर भरकटला,
उशिरा सोडला तर फाटला.
म्हणून मधल्या बोटभर अंतरात
दोघंही धरून असतात.

इबादानच्या मोटारतळावर, मी सहा वर्षांची,
आईनं मला मावशीच्या हाती दिलं तेव्हा
एकीनं हे मनगट धरलं होतं, दुसरीनं ते.
बस घुरघुरत होती. कंडक्टर शिव्या देत होता.
किती वेळ दोघींनी धरलं होतं
हे मी कधी कुणाला विचारलं नाही.
विचारायला आता मावशीच आहे,
आणि तिला ऐकू येत नाही.

जनरेटरवर पेट्रोल पुरेल तेवढं छापलं,
उरलेलं पहाटे वीज आल्यावर.
आठशे ताव. मी मधूनच एखादा उचलून
कंदिलाजवळ धरायची: एकच गाल, एकच ओठ,
कपाळावरच्या रुमालाची गाठसुद्धा मोजता येईल अशी.
मग कटरखाली गठ्ठे. वरची पांढरी पट्टी,
जिथं काहीच छापत नाहीत, ती कापून खाली पडत राहिली.
सकाळी अकारावाली ती ढिगानं नेते, चूल पेटवायला.

मुलानं त्यातली एक उचलली.
अंगठा फिरवता फिरवता थांबला.
कागदावर बारीक दाब, ओळीनं अकरा,
डोळ्यांना धड दिसतही नाहीत असे.
हे काय?
मुफुताऊ कोऱ्या रीमवर डोकं टेकून झोपलेला.
मी म्हणाले, इथं धरला होता.
त्यानं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं,
सातव्याशी आला,
आणि तिथंच अंगठा ठेवून
बाहेर उजाडेपर्यंत उभा राहिला.
माल्टाची बाटली बाकावर विसरून गेला.
ती मी प्यायले. कोमट झाली होती.